मान दुखतेय? मग हातापायांकडेही पाहा

मान अवघडली की घरोघरी उपायांची कमतरता नसते. कुणी उशी बदलायला सांगते, कुणी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला. कुणी बाम चोळून देते, तर कुणी न्हाव्याकडे जाऊन मान 'मोकळी' करून घ्यायला सुचवते. बहुतेकांची मान आठवड्याभरात सुटते आणि शेवटी जो उपाय केला असेल, श्रेय त्याला मिळते. दुखणे इतके सर्रास आहे, की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती.

एवढ्या मोठ्या संख्येतल्या बहुतेकांना मोठ्या तपासण्यांची गरज नसते. मात्र काही थोड्या जणांना डॉक्टरांची गरज तातडीने असते. हे थोडे जण ओळखायचे कसे? फार दुखले तर दवाखाना, सोसवत असेल तर घरीच, असा आपला साधा हिशेब असतो. मानेच्या बाबतीत तो फसतो. रात्रीत आखडलेली मान डोळ्यांत पाणी आणते आणि चार दिवसांत बरी होते. उलट मज्जारज्जूवर हळूहळू दाब येत असताना मान जेमतेम दुखते, कधी मुळीच दुखत नाही. म्हणून मान किती दुखते एवढ्यावर न थांबता, तिच्याबरोबर शरीरात आणखी काय बदलले आहे हे पाहायला हवे.

मानेत काय काय असते?

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. हा भार मानेचे सात मणके तोलतात. वरच्या दोन मणक्यांची घडण वेगळी असते. डोके डावी-उजवीकडे वळते, त्यातली जवळपास निम्मी हालचाल या दोघांमध्येच होते. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये चकती असते, म्हणजे मऊ गादी. मागच्या बाजूला लहान सांधे असतात आणि या सगळ्याला स्नायू आणि अस्थिबंध बांधून ठेवतात.

मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जाते. तिची जाडी जेमतेम करंगळीएवढी, पण मेंदूकडून हातापायांना आणि लघवी-शौचाच्या नियंत्रणाला जाणारे सगळे निरोप तिच्यातूनच जातात. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या नसा खांद्यात आणि हातात उतरतात. मणक्यांच्या कडेला असलेल्या छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या वर जातात. मानेचा आजार कधी हातात, कधी पायात, तर कधी बोलण्यात का दिसतो, याचे उत्तर या दाटीत आहे.

बहुतेक दुखणी साधीच

नेहमीची मानदुखी स्नायू, अस्थिबंध आणि लहान सांध्यांतून येते. वाकड्या मानेने झोपणे, तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे, अचानक जड वजन उचलणे, ताणतणाव, अपुरी झोप ही तिची नेहमीची कारणे. संगणकासमोर बसणारा कारकून, मशीनवर वाकून शिलाई करणारी बाई, मान वर करून छत रंगवणारा रंगारी आणि डोक्यावर चुंबळ ठेवून ओझी वाहणारा हमाल यांची कामे वेगळी आहेत, पण मानेचे स्नायू प्रत्येकाचे थकतात.

मोबाइलचा दोष किती? अमेरिकेतले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकाच्या मदतीने एक हिशेब मांडला. डोके सरळ असताना मानेवर सुमारे पाच किलो भार येतो आणि ते ६० अंश पुढे झुकवले की तो सुमारे २७ किलोपर्यंत जातो, असे त्यात दिसले. हा आकडा समाजमाध्यमांवर खूप फिरला. तो गणिती अंदाज आहे, मोबाइल पाहणाऱ्या प्रत्येकाची मान झिजते असा त्याचा अर्थ नाही. मान वाकवल्याने बिघडत नाही, ती वाकलेल्या स्थितीत तासभर तशीच ठेवल्याने दुखते. त्यामुळे 'योग्य आसन' शोधत बसण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने स्थिती बदलणे अधिक उपयोगी.

अशी साधी मानदुखी बहुधा काही दिवसांत उतरू लागते आणि काही आठवड्यांत बरीचशी जाते. ती पुन्हा पुन्हा उलटते, हेही खरे. पण उलटणारे दुखणे म्हणजे वाढता आजार नव्हे.

'गॅप' पडली म्हणजे काय?

'माझ्या मणक्यात गॅप आहे', 'नस दबली आहे', 'मला स्पॉन्डिलायटिस आहे' ही वाक्ये आपण नेहमी ऐकतो. त्यातल्या 'गॅप' या शब्दाने फार घोळ घातला आहे. वयाबरोबर चकतीतले पाणी कमी होते, ती चपटी होते आणि दोन मणक्यांमधले अंतर कमी होते. मणक्यांच्या कडांना हाडाचे लहान कंगोरे फुटतात. या झिजेला वैद्यकशास्त्रात स्पॉन्डिलोसिस म्हणतात. केस पिकावेत तसा हा वयाचा भाग आहे.

जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढण्यात आले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्यापैकी सुमारे ८८ टक्के लोकांमध्ये चकती थोडीफार बाहेर फुगलेली आढळली. विशीतल्या तरुणांतही बहुतेकांची हीच अवस्था होती. म्हणजे तुमची मान दुखत असताना काढलेल्या एमआरआयमध्ये 'चकती फुगली आहे' असे लिहून आले, तर दुखण्याचे कारण तेच असेल असे नाही. ती दुखण्याच्या आधीही तशीच असू शकते.

म्हणून धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढण्याची घाई नको. अहवालातल्या शब्दांनी माणूस घाबरतो, मान हलवायचे टाळतो आणि मान आणखी आखडते. कोणाचा एमआरआय आवश्यक आहे, हे डॉक्टर हात, पाय, चाल आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासून ठरवतात. गुडघ्यावर आणि कोपरावर रबरी हातोडी मारून पाहण्याच्या त्या दोन मिनिटांत मज्जारज्जूबद्दल बरेच काही कळते.

हातात उतरणारी कळ

चकतीचा भाग किंवा हाडाचा कंगोरा हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाबला, तर कळ मानेतून खांद्यात आणि तिथून हातात उतरते. विजेचा झटका बसावा तशी ती असते. कोणत्या बोटांना मुंग्या येतात, यावरून दबलेल्या नसेचा अंदाज येतो. सहाव्या नसेचा त्रास अंगठ्याच्या बाजूला, सातव्या नसेचा मधल्या बोटात, तर आठव्या नसेचा करंगळीच्या बाजूला जाणवतो. काहींना हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते.

हे दुखणे झोप उडवणारे असते. तरीही बहुतेकांना काही आठवडे ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. पण डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. हाताची ताकद कमी होत असेल, उदाहरणार्थ पाण्याचा तांब्या हातातून निसटत असेल, मनगट किंवा कोपर पूर्वीसारख्या जोराने हलत नसेल, तर त्याच दोन-तीन दिवसांत तपासणी व्हायला हवी.

कमी दुखणारा, पण मोठा धोका

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. झीज वाढून मानेतली पोकळी अरुंद झाली की नसेऐवजी मज्जारज्जूच दाबली जाते. या आजाराला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. पन्नाशीनंतर तो अधिक दिसतो. यात मान फारशी दुखत नाही, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. सुरुवात होते ती हातांच्या बारीक कामांपासून.

शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो. सुईत दोरा ओवता येत नाही. साडीच्या निऱ्या नीट बसत नाहीत. सुट्टे पैसे मोजताना नाणी पडतात. बँकेत सही जुळत नाही. हात बधिर वाटतात, पण दुखत नाहीत. पुढे चालण्यात फरक पडतो. पाय जड आणि ताठर वाटतात, अंधारात तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो, पायातली चप्पल नकळत निसटते. मान पुढे वाकवली की पाठीतून खाली वीज गेल्यासारखे वाटते. काहींना लघवीची घाई होते किंवा ती सुरू व्हायला वेळ लागतो.

यातली प्रत्येक गोष्ट 'वय झाले' म्हणून सोडून देता येते आणि घराघरांत तसेच होते. मधुमेह असेल तर मुंग्यांचे खापर साखरेवर फुटते. मधुमेहाने नसांवर होणारा परिणाम बहुधा पावलांपासून सुरू होतो आणि हळूहळू वर चढतो. हातांची बारीक कामे आधी बिघडली असतील, तर कारण मानेत असण्याचा विचार करायलाच हवा. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन महिनोन्‌महिने वाट पाहणे इथे महागात पडते.

ही चूक आपल्याकडेच होते असे नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली ४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत या रुग्णांची सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्यांच्यापैकी अनेकांना आधी 'मनगटातली नस दबली आहे' असे सांगण्यात आले होते.

उशिराची किंमत मोठी असते, कारण मज्जारज्जूचे फार काळ दाबले गेलेले तंतू पूर्ववत होतीलच याची खात्री नसते. मध्यम आणि तीव्र अवस्थेत शस्त्रक्रियेने दाब काढावा लागतो. तिचा पहिला उद्देश आजार पुढे जाऊ न देणे हा असतो. अनेकांचे हात आणि चाल त्यानंतर सुधारतात, पण जितक्या लवकर दाब निघेल तितकी सुधारणा अधिक. सौम्य अवस्थेत काही जणांवर नुसते लक्ष ठेवले जाते. हा निर्णय तज्ज्ञांचा. वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचणे आपल्या हातात आहे.

घरी करता येतील अशा दोन चाचण्या

पहिली चाचणी मुठीची. हात समोर धरा, तळवा जमिनीकडे. मूठ पूर्ण मिटायची आणि बोटे पूर्ण सरळ उघडायची, जमेल तितक्या वेगाने. कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा. निरोगी प्रौढ माणूस १० सेकंदांत साधारण २० वेळा किंवा त्याहून अधिक वेळा मूठ उघड-मीट करतो. आकडा बराच कमी आला, बोटे पूर्ण सरळ होत नसली किंवा करंगळी बाजूला पडत असली तर डॉक्टरांना सांगा.

दुसरी चाचणी चालण्याची. फरशीच्या सरळ रेषेवर एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच टेकवत आठ-दहा पावले चाला. ज्येष्ठांनी हे भिंतीजवळ आणि कुणीतरी शेजारी असतानाच करावे. पूर्वी जमत असे आणि आता तोल जातो, हा बदल महत्त्वाचा.

या चाचण्या निदान नव्हेत. सांधेदुखी, अशक्तपणा, कानाचे विकार यांनीही त्या बिघडतात. आणि दोन्ही नीट जमल्या, पण वर सांगितलेली लक्षणे असली, तर चाचणीवर विसंबून घरी बसू नये.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

अपघात किंवा पडणे : दुचाकीवरून, झाडावरून, जिन्यावरून पडल्यावर मान दुखत असेल तर आधी हाड शाबूत आहे ना हे पाहायला हवे. कॅनडातले डॉ. इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी २००१ साली यासाठी नियम आखून दिले. वय ६५ किंवा अधिक असेल, तीन फूट किंवा पाच पायऱ्यांहून अधिक उंचीवरून पडणे झाले असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर तपासणीची छायाचित्रे काढल्याशिवाय मान हलवून पाहू नये. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांना न्हाणीघरात घसरणेही पुरते. रस्त्यावर जखमीला हातापायांना धरून उचलणे, बसते करणे, पाणी पाजणे टाळा. आग किंवा येणाऱ्या वाहनाचा धोका नसेल तर त्याला तिथेच राहू द्या, डोके आणि मान आहे त्याच रेषेत हाताने स्थिर धरा आणि १०८ वर फोन करा.

ताप आणि ताठर मान : ताप, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीकडे नेता न येणे, सोबत उलट्या, उजेडाचा त्रास किंवा गुंगी असेल, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते. तासांचा प्रश्न असतो. सकाळची वाट पाहू नये. घसा दुखून ताप आलेल्या लहान मुलाची मान अचानक एका बाजूला वाकडी झाली, गिळता येईना, लाळ गळू लागली, तर त्यालाही लगेच रुग्णालयात न्या. मान जोराने सरळ करायचा प्रयत्न करू नका.

अचानक, कधी न झालेली एका बाजूची तीव्र कळ : तिच्याबरोबर चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूची ताकद जाणे यातले काहीही असेल, तर मानेतल्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडलेली असू शकते. तिथे गुठळी होऊन पक्षाघात होतो. तरुणांमधल्या पक्षाघाताचे हे एक कारण आहे.

छातीकडून आलेले दुखणे : चालताना किंवा जिना चढताना मान, जबडा किंवा डावा हात दुखतो आणि थांबले की उतरतो, घाम फुटतो, धाप लागते, मळमळते. हे हृदयाचे दुखणे असू शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखताही ते येते. दुखणे थांबत नसेल तर बाम चोळण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

अचानक लुळेपणा : हातापायांतली ताकद झपाट्याने जाणे, चालता न येणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आठवडेभर रेंगाळणारे, रात्री जागे ठेवणारे दुखणे : विश्रांतीतही न थांबणारी कळ, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन अशी लक्षणे असतील तर आपल्या देशात क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयात मणक्याचा क्षय सर्वांत जास्त आढळतो. खोकला नसतानाही तो होतो. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, इथे एमआरआयची खरी गरज असते. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर रुग्ण बरे होतात. मात्र मणक्याच्या क्षयाचा उपचार बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांनी नवी मानदुखी लवकर दाखवावी. संधिवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल होऊ शकतो. अशा रुग्णांनीही मानेचा त्रास अंगावर काढू नये.

चक्कर मानेमुळेच येते का?

चक्कर आली की 'मानेचे मणके झिजले' असे निदान शेजारीपाजारीही करतात. प्रत्यक्षात बहुतेकदा तिचे मूळ दुसरीकडे असते. अंथरुणात कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचे काढायला मान वर करताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तेव्हा दोष बहुधा अंतर्कर्णातले सूक्ष्म कण जागेवरून हलल्याचा असतो. डॉक्टर डोक्याची स्थिती ठरावीक क्रमाने बदलून ते कण जागेवर आणतात आणि अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. उभे राहताना अंधारी येत असेल तर रक्तदाब, रक्तक्षय आणि चालू औषधे तपासावी लागतात. अशा माणसाला वर्षभर मानेचा पट्टा बांधून ठेवला, तर चक्कर तशीच राहते आणि मान तेवढी कमकुवत होते.

घरी काय करावे, काय टाळावे

धोक्याचे कोणतेही लक्षण नसेल तर मान हलती ठेवा. दुखेल त्या मर्यादेच्या आत डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, दिवसातून चार-पाच वेळा. अंथरुणावर पडून राहण्याने बरे व्हायला उलट वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटांचा कोमट शेक स्नायू सैल करतो. मधुमेहींनी आधी हाताने गरमपणा तपासावा, कारण बधिर त्वचा भाजते आणि कळत नाही.

पट्टा अगदीच लागला तर एक-दोन दिवस, प्रवासापुरता. महिनोन्‌महिने वापरला तर स्नायू दुबळे होतात. हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर दिलेला पट्टा मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काढायचा नाही. त्याचे काम वेगळे आहे.

वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे खाऊ नयेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांनी पोटात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

मान कटकन मोडून घेणे टाळा. त्या आवाजाने क्षणभर हलके वाटते, पण झटक्याने पिळलेल्या मानेत रोहिणीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. असे क्वचितच होते, पण झाले तर पक्षाघात होतो. केस धुताना मान बेसिनच्या कडेवर फार मागे टाकून बसल्यानंतर पक्षाघात झालेल्या पाच स्त्रियांची नोंद अमेरिकेतल्या डॉ. मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ साली केली होती. पार्लरमध्ये मानेखाली जाडसर टॉवेल मागून घ्यावा. हाडे ठिसूळ असतील किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर कुणालाच मान ओढू किंवा पिळू देऊ नये.

दुखणे थोडे उतरले की व्यायाम सुरू करावा. ताठ बसून हनुवटी सरळ मागे ओढा, पाच सेकंद थांबा, सोडा. असे दहा वेळा. मग तळहात कपाळाला लावून, डोके न हलवता पाच सेकंद एकमेकांविरुद्ध दाब द्या. तसाच दाब दोन्ही बाजूंना आणि मागे. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणण्याचाही व्यायाम करा. या दरम्यान कळ किंवा मुंग्या हातात उतरू लागल्या तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. व्यायामाला आठवडे द्यावे लागतात, दोन दिवसांत फरक दिसत नाही.

उशी इतकीच जाड असावी, की कुशीवर झोपल्यावर मान पाठीच्या रेषेत राहील. पोटावर झोपल्यास मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, ते टाळावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. ओझी वाहणाऱ्यांना असे सल्ले पुरत नाहीत हे खरे. त्यांनी निदान ओझे एकट्याने डोक्यावर चढवू-उतरवू नये, जमेल तिथे दोन फेऱ्या कराव्यात. पोते डोक्यावर असताना हातांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशीचे ओझे तिथेच थांबवावे.

डॉक्टरांकडे कधी आणि कसे?

घरगुती काळजी घेऊनही आठवडा-दोन आठवड्यांत काहीच उतार नसेल, कळ हातात जात असेल किंवा दुखणे झोप मोडत असेल, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. गरज असेल तर ते अस्थिरोगतज्ज्ञ, मेंदू-मज्जारोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवतील.

जाताना काही गोष्टी कागदावर लिहून न्या. दुखणे कधी सुरू झाले, पडणे किंवा अपघात झाला होता का, कोणत्या बोटांना मुंग्या येतात, रात्री दुखते का, ताप किंवा वजनातली घट आहे का, कोणती औषधे चालू आहेत. आणि न विचारताही आवर्जून सांगा : हातांच्या कामात, चालण्यात आणि लघवीत गेल्या सहा महिन्यांत काय बदलले. अनेक ज्येष्ठ लघवीबद्दल संकोचाने बोलत नाहीत आणि हाताबद्दल बोलण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नाही. अशा वेळी सोबत गेलेल्या मुलाने किंवा सुनेने ते सांगावे.

आजोबांना शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागला, आजीच्या पायातून चप्पल निसटू लागली, तर ते आपल्या आधी त्यांच्या लक्षात येईलच असे नाही. मान दुखत नाही ना, एवढेच विचारून थांबू नका. त्यांना मूठ उघड-मीट करायला सांगा, दहा पावले चालायला सांगा आणि शंका आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.